कडेचा तुकडा

“तपासणीचा तुकडा कुठून घेतला होतास?” विभागप्रमुख बाईंनी विचारलं. त्यांचा डोळा अजून सूक्ष्मदर्शकालाच लागलेला होता.

“जखमेच्या मधून,” धाकटी डॉक्टर म्हणाली. “कडेला हात लावला की काका ओरडायचे.”

बाईंनी खुर्ची सरकवली आणि तिला बघायला बोलावलं. काकांच्या जांघेत गाठ लागली तेव्हा बाईंनी स्वतः, त्यांच्या ओरडण्याला न जुमानता, जखमेच्या कडेचा तुकडा काढून घेतला होता. तो समोर काचेवर होता. कॅन्सर होता. शंकेला जागाच नव्हती.

काका म्हणजे बसचे ड्रायव्हर. तरुणपणी रेडिएटरचं झाकण उघडताना उकळतं पाणी त्यांच्या उजव्या नडगीवर उडालं होतं. त्या जुन्या भाजलेल्या डागावर अलीकडे जखम झाली आणि ती काही केल्या मिटेना. इथे अशाच हट्टी जखमांसाठी नव्या मलमाचं संशोधन चालू होतं. आधी तुकडा तपासायचा, कॅन्सर नसेल तरच मलम, असा नियम होता. भाजलेल्या डागावरची जखम दगाबाज असते, तुकडा कडेचा घ्यायचा, हे तिने परीक्षेत व्यवस्थित लिहिलं होतं. पण चिमटा कडेजवळ गेला की काका असे कळवळायचे की बाहेरचे पेशंट दारातून डोकावायचे. बधिर करायची सुईही त्यांनी तिथे टोचू दिली नाही. तिला दया आली. तिने मधला तुकडा घेतला आणि तो निर्दोष निघाला.

मग दर आठवड्याला काका हजर. “गाडी सर्व्हिसिंगला आणलीय, डॉक्टरताई. उघडा बॉनेट!” ती हसत पट्टी सोडायची, शेजारी मोजपट्टी ठेवून जखमेचा फोटो काढायची. लालबुंद मांस वर येत होतं, खड्डा भरत होता. बैठकीत तिने ते फोटो मोठ्या हौसेने दाखवले होते. सगळ्यांत छान भरणारी जखम म्हणून तिची पाठही थोपटली गेली होती. त्या खड्ड्यात कॅन्सर वाढत होता आणि ती त्याला मलम लावत होती.

“तेव्हाच कळलं असतं तर नुसती जखम कापून वर कातडी लावली असती,” बाई म्हणाल्या. “पाय राहिला असता. आता मांडीपासून काढावा लागेल. आणि एवढं करूनही...” त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. “तू सांगतेस की मी सांगू?”

“मीच सांगते.”

काका वॉर्डात खाटेवर पाय पसरून बसले होते. काकू चहा आणायला गेल्या होत्या. तिचा चेहरा बघून काकांनी स्वतःच विचारलं, “निघाला ना?”

“हो. पाय काढावा लागेल, काका.” तिने खाटेची दांडी घट्ट धरली. “चूक माझी आहे. कडेचा तुकडा घ्यायला हवा होता. तुम्हाला दुखतंय म्हणून मी—”

“कडेला दुखत नव्हतंच, ताई.”

“म्हणजे?” तिने विचारलं.

“आधीच्या दवाखान्यातही कडेचाच तुकडा काढणार होते. मी म्हटलं, वाईट निघालं तर? तर म्हणे, कदाचित पाय काढावा लागेल. तिथून जो सटकलो तो तुमच्याकडे आलो.” काकांनी नजर खाली घातली. “तुमचा चिमटा तिकडे वळला की मी बोंब ठोकायचो. तिथे सुई टोचली तरी मला कळत नाही. उजव्या पायाशिवाय बस कोण देणार हातात? एवढंच होतं डोक्यात. हिलासुद्धा बोललो नाही.”

तिला त्यांचा भयंकर राग आला. ओरडावंसं वाटलं. इतके दिवस भोळेपणाने फुंकर घालत बसलेल्या स्वतःचाही राग आला. पण काकांची हनुवटी थरथरत होती. ती दांडी सोडून त्यांच्या शेजारी खाटेवर टेकली.

“एक विचारू?” काका म्हणाले. “तेव्हा मी ते सोंग केलं नसतं, तर वाचला असता का पाय?”

काकू चहाचे कप सांभाळत दारातून आत येत होत्या. काका उत्तरासाठी तिच्याकडे बघत होते.

“नाही, काका,” ती म्हणाली. “पाय तेव्हाही गेलाच असता.”