एक्केचाळीस तुटलेल्या लिंक

जयवंती तांडेलनं कमांड टाइप करून एंटर दाबलं. ती सांभाळत असलेल्या कामगार युनियनच्या वेबसाइटवरच्या सगळ्या लिंक तपासून प्रोग्रामनं एकच ओळ दाखवली: तुटलेल्या लिंक शून्य.

काल एक्केचाळीस होत्या. वायुगळतीच्या आधी कामगारांनी केलेल्या एक्केचाळीस तक्रारींची पानं कुणीतरी उडवली होती.

"नव्या कायद्यानं पान रिकामं ठेवता येत नाही, जयवंतीताई," युनियनचे सेक्रेटरी पावसकर म्हणाले. "उडालेल्या पानावर सर्व्हरचं यंत्र अंदाजानं मजकूर भरून टाकतं. आता सोडा ना विषय."

तिनं नवऱ्याची तक्रार उघडली. 'व्हॉल्व्ह उत्तम स्थितीत आहे. कृपया काळजी नसावी.'

"आमच्या ह्यांनी जन्मात कुणाला कृपया म्हटलं नाही," ती म्हणाली. "आणि त्याच व्हॉल्व्हच्या गळतीत ते गेले."

मग एकेक करून तिनं एक्केचाळीस लिंकचे पत्ते बदलले. कुठलंच पान नसलेले पत्ते दिले आणि कमांड पुन्हा चालवली. पडदा लाल ओळींनी भरला. पहिल्याच ओळीत नवऱ्याचं नाव होतं, पुढे लिहिलं होतं: पान सापडलं नाही.

"उद्यापर्यंत यंत्र ही पानंही भरेल," पावसकर म्हणाले.

"भरू दे. मी रोज सकाळी येऊन तोडीन."