दिवेलागणीची तपासणी

“डोळं मिटू नगा काकू. आंधळी माणसं डोळं मिटत न्हाईत,” धनाजी म्हणाला.

“तुला लई म्हाईत,” सखूबाई म्हणाली. तिला बारा वर्षांपासून काही दिसत नव्हतं, आणि आंधळं कसं असायचं हे सकाळपासून पुतण्या तिला शिकवत होता.

तालीम काही जमत नव्हती. खाटेवरून उठायचं नाही असं ठरलं होतं, तरी सखूबाई दोनदा उठून चुलीवरचं दूध बघून आली. चालायचंच झालं तर चाचपडत चालायचं, असं ठरलं होतं. ती सरळ खुंटीपाशी गेली आणि पिशवी काढून आणली. स्वतःच्याच घरात चाचपडायची तिला लाज वाटत होती. धनाजीने कपाळाला हात लावला.

आंधळ्यांना मिळणाऱ्या पेन्शनच्या अर्जाला तीन वर्षं झाली होती. पहिल्यांदा अर्ज परत आला, कारण ‘वरील सूचना मी स्वतः वाचल्या आहेत’ यापुढे तिने खूण केली नव्हती. मग दाखल्यासाठी एसटीने पुण्याला चार खेपा झाल्या. दाखला आला, त्यात आंधळेपण शंभर टक्के आणि नाव सखाराम. त्या सखारामाची पुन्हा बाई करण्यात आठ महिने गेले. शेवटी सगळे कागद जुळले, तेव्हा गावातल्या कुणा सज्जनाने तहसील कचेरीत निनावी चिठ्ठी धाडली: बाई विहिरीचं पाणी आणते, तांदूळ निवडते, हिला दिसत नाही कसं? सखूबाईला तीन वर्षांत जे जमलं नाही ते त्या चिठ्ठीला आठ दिवसांत जमलं. साहेबांनी तिची तातडीने दखल घेतली.

म्हणून आज तलाठी भाऊसाहेब घरी येऊन खात्री करणार होते. दिसतं असं त्यांनी लिहिलं की पेन्शन तर गेलीच, वर खोट्या दाखल्याचा गुन्हा. सखूबाई रेशनच्या तांदळावर आणि धनाजीच्या बायकोच्या मर्जीवर जगत होती, आणि त्यातले तांदूळ तेवढे दर महिन्याला मिळत होते.

भाऊसाहेब अकराला येणार होते. कापूरहोळला त्यांची गाडी पंक्चर झाली, मग तिथेच जेवण झालं, आणि भोरच्या वर डोंगरातल्या या वस्तीवर पोचेपर्यंत दिवस कलला. तोवर सखूबाई आंधळी होऊन होऊन कंटाळली होती.

अंगणात बूट वाजले. परक्या पुरुषाची चाहूल लागताच तिचा हात वर गेला आणि पदर डोक्यावर आला. लग्न होऊन आल्यापासूनची सवय ती.

भाऊसाहेबांनी पदराकडे बघितलं आणि वहीत काहीतरी टिपलं.

“या भाऊसाहेब. डोस्कं संभाळा, चौकट खाली हाय.”

चौकट लागायची ती लागलीच. कपाळ चोळत त्यांनी तेही टिपलं. सखूबाई आत गेली आणि काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन आली. धनाजी तिला मागून हातवारे करत होता. ते तिला कसे दिसावेत हे त्याचं त्यालाच ठाऊक.

“आजी, एक थेंब सांडला नाही,” भाऊसाहेब म्हणाले. “मला जे दिसलं तेच लिहावं लागणार.” त्यांनी लिहिलं आणि सवयीने मोठ्याने वाचून दाखवलं: “अर्जदार महिलेस दिसत असल्याचे आढळले.”

सखूबाईला वाईट वाटलं. घर नीट चालवल्याबद्दल कुणी असं बोलेल असं तिला वाटलं नव्हतं.

“लिवा काय लिवायचं ते,” ती म्हणाली. “पन वाईच बसा. कोंबड्या डालग्यात गेल्या, दिवं लागायची येळ झाली. आत्ता उंबरा वलांडू नये.”

ती भिंतीपाशी गेली. दिवेलागणीला घरात उजेड नसला तर लक्ष्मी दारातून परत फिरते, हे सासूने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि तिने ते एकदाही मोडलं नव्हतं. करंड्यातलं कुंकू बोटावर घेऊन तिने बटणाला लावलं. बटण खट्कन दाबलं. वर तोंड करून हात जोडले.

घरात होता तेवढाच अंधार राहिला.

भाऊसाहेब वाट बघत बसले. लाईट गेली असेल म्हणून त्यांनी दारातून खाली नजर टाकली, तर धनाजीच्या घरासकट खालची सगळी वस्ती उजळलेली होती. मग त्यांनी मोबाईलची टॉर्च लावली. बटणावर कुंकवाचा थर जमून त्याचा डोंगर झाला होता. वरचा बल्ब काळा पडला होता आणि त्याच्याभोवती कोळ्याने जुना, जाड संसार थाटला होता. त्यांनी स्वतः बटण दोनदा दाबून पाहिलं.

“आजी, हा बल्ब कधीचा गेलाय?”

“गेलाय?” सखूबाईचे हात जोडलेलेच राहिले. “कवा?”

भाऊसाहेबांनी धनाजीकडे पाहिलं. धनाजी सकाळी यायचा, त्याची बायको दुपारी भाकरी पाठवायची. या वेळेला या घरात कुणी आलेलंच नव्हतं. तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला.

भाऊसाहेबांनी टॉर्चच्या उजेडात मघाचं वाक्य खोडलं, पुन्हा एकदा खोडलं, आणि खाली नवीन लिहायला घेतलं. या वेळी ते मोठ्याने वाचलं नाही.

“तरीच म्हनलं,” अंधारातून सखूबाई म्हणाली, “तीन वर्सं झाली, लक्ष्मी दारातनं माघारी का जातीया.”