शेवटची सहा पानं

राधेश्यामकाकांनी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. "बारवेतली सवाष्ण. एक पान गेलेलं न्हाई, बराबर शेवटापर्यंत आहे," ते म्हणाले. दैवशालाबाईंचा चहाचा कप हातातच राहिला. चव्वेचाळीस वर्षं त्या हे पुस्तक शोधत होत्या. आणि आज ते अंबडच्या वाचनालयात, चिवड्याच्या पुड्याशेजारी येऊन पडलं होतं.

महिन्यातल्या एका रविवारी दुपारी इथं भुताखेतांच्या शौकिनांची बैठक भरते. प्रत्येकानं आपापलं आवडतं पुस्तक नाहीतर सिनेमा सांगायचा आणि बाकीच्यांनी घाबरायचं, एवढाच नियम. बँकेतल्या बुद्धभूषणनं गावात व्हिडिओ भाड्यानं आणून दाखवलेला भुताचा सिनेमा सांगितला. तो संपल्यावर म्हणे आठ दिवस गावातली बाप्यामाणसंसुद्धा परसाकडे घोळक्यानं जात होती. कॉलेजातली साक्षी असले सिनेमे मोबाइलवर बघते, तेही भरदिवसा आणि आईच्या शेजारी बसून. खोटं कशाला बोला, भीती ती भीतीच.

दैवशालाबाई मागच्याच वर्षी शाळेतून निवृत्त झालेल्या. दर बैठकीत त्यांचं हेच एक पुस्तक. बैठकीतल्याच राधेश्यामकाकांनी ते सापडल्याचा फोन केला, तेव्हा त्यांनी धाकट्या बहिणीला, शालूला, धावड्याहून मुद्दाम बोलावून घेतलं. शालू यायला तयारच नव्हती. आधी गुडघा दुखतोय म्हणाली, मग म्हशीला कोण बघणार म्हणाली. पण आक्कापुढं तिचं कधी चाललंय?

दोघींचं माहेर टेंभुर्णीचं. ग्रामपंचायतीच्या खोलीत दोन कपाटांचं वाचनालय होतं. दैवशाला तेव्हा नववीत, शालू अकरा-बारा वर्षांची. दैवशाला पुस्तकात शिरली की हाक मारून मारून घसा बसला तरी ओ देत नसे. जेवताना पुस्तक, शेताच्या वाटेवर पुस्तक. एक संपलं की दुसरं. हे पुस्तक मात्र घशात घास अडकावा तसं अडकलं. नायक बारवेच्या पायऱ्या उतरतो, घागर भरणाऱ्या बाईच्या तोंडासमोर कंदील धरतो, आणि पुढची सहा पानं गायब!

मग काय, दोघी बहिणी कापूस वेचता वेचता भांडायच्या. दैवशाला म्हणायची, बाई जिवंतच आहे, सासरच्यांनी मेल्याची आवई उठवलीय. शालू म्हणायची, छट्, भूतच ते. लग्नं झाली, सासरं लांब लांब मिळाली, शालूचा नवरा वारला, दोघींचे केस पिकले. तरी रोज संध्याकाळी फोन केला की आधी बारवेतली बाई, मग बीपीची गोळी. त्या बाईच्या निमित्तानं शालूच्या घरात दिवसाकाठी एकदा तरी हसू फुटायचं.

"ज्या मेल्यानं ती पानं फाडली ना," दैवशालाबाई आजही म्हणाल्या, "त्याच्या हाताला अजून खाज सुटत असंल." सगळे हसले. शालू तेवढी हसली नाही. आल्यापासून तिचं एकच चाललं होतं, बस चुकंल, निघू या. दैवशालाबाईंना मनातून मौज वाटत होती. हरायची पाळी आली म्हणून बाई कावरीबावरी झालीय, दुसरं काय!

त्यांनी चष्मा लावला. कंदिलाचं पान सापडलं आणि त्यांना एकदम भरून आलं. मोठ्यानं वाचायचं, शालूला ऐकवायचं, हे त्यांनी कधीचं ठरवून ठेवलं होतं. खोलीतले सगळे खुर्च्या ओढून जवळ सरकले. त्यांनी पान उलटायला बोट लावलं, तेवढ्यात शालूनं पुस्तकावर हात ठेवला.

"आक्का, नको वाचू."

हरशील म्हणून का, असं दैवशालाबाईंनी हसत विचारलं. शालूनं नकारार्थी मान हलवली. कष्टानं रापलेला तो हात पुस्तकावरून काही निघेना.

"ती पानं मीच फाडल्ती. तू गुरांना पाणी पाजाया गेल्तीस, तवा चुलीत घातली."

काकांनी उगाच चिवड्याची पुडी बांधायला घेतली. दैवशालाबाईंचा चेहरा रागानं लाल झाला. चव्वेचाळीस वर्षं! किती गावं पालथी घातली, किती रद्दीवाल्यांचे उंबरे झिजवले, आणि चोर घरातच, रोज फोनवर हसत वाद घालणारा. "अगं, पण का?" त्यांचा आवाज चढला.

शालूनं वर पाहिलं नाही.

"एक पुस्तक संपलं की तू दुसरं उघडायचीस, आक्का. ह्याचा शेवट कळला असता, तर मंग तू माझ्याशी कशाला बोलली असतीस?"