चाळीस मिनिटं

"ही जोडणी आजच्या आज तोडा," मुख्यालयातून आलेले बोबडेसाहेब म्हणाले.

देशातली सगळी धरणं आता एकच यंत्रणा चालवत होती. फक्त या धरणाचा दरवाजा उघडण्याआधी तिला तीस वर्षांपूर्वीच्या एका जावा प्रोग्रामला विचारावं लागायचं. ती जोडणी इथल्या अभियंता हेमलता घोडके यांनी, कुणालाही न विचारता, केली होती.

"यंत्रणेनं जुने प्रोग्राम स्वतःच्या भाषेत उतरवून घेतलेत. तुमचाही. मग हे मढं कशाला सांभाळताय?"

"उतरवताना तिनं इशाऱ्याचा भोंगा वाजल्यापासून दरवाजा उघडेपर्यंतची चाळीस मिनिटं गाळली."

"त्या वेळात प्रोग्राम काहीच करत नाही, मॅडम. नुसता थांबतो."

"त्यासाठीच लिहिलाय तो." हेमलताबाईंनी खिडकी उघडली. खाली कोरड्या पात्रात कलिंगडाच्या वाड्या होत्या, माणसं वेलांना पाणी घालत होती. "लिहिणाऱ्याची आई तिथंच राबायची. तिला हाताला धरून काठावर आणायला किती वेळ लागतो, ते त्यानं चालून मोजलं होतं."

"मला आदेश आहे."

"तोडते की." बाईंनी कीबोर्ड पुढे ओढला. "तुम्ही खाली जाऊन पात्रात मधोमध उभे राहा. तिथून फोन केलात की जोडणी तोडते आणि यंत्रणेला दरवाजा उघडायला सांगते."

बोबडेसाहेबांनी खिडकीतून पात्राच्या मध्यापासून काठापर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं. मग खुर्ची ओढून बसले.

"अहवालात काय लिहू?"

"बाई ऐकत नाही, असं लिहा."