डोंगरकोंबडी

गॅरिक साहेबांनी हाड तोंडात घातलं, चोखलं, बाहेर काढून निरखलं आणि पुन्हा घातलं. हनुवटीवरून लसणाचं तेल ओघळून टी-शर्टवर पडलं. टी-शर्टवर लिहिलं होतं, ‘जंगल वाचवा’.

स्वयंपाकघराच्या दारात लॉजची स्वयंपाकीण मा युफेमीनं तोंड फिरवलं.

“बघू नकोस ना मावशी,” शेजारी उभा असलेला गाईड ऑक्टाव्ह पुटपुटला. “मला तर भारी मजा येतेय.”

आठ दिवस हा पाहुणा दोघांना निसर्ग शिकवत होता. ऑक्टाव्हनं डास मारला तरी तोंड वाकडं करायचा. आणि काल गुपचूप स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, “डोंगरकोंबडी खायचीय. बंदी आहे, माहितीय मला. तुम्ही दिली नाहीत तर मीच बॅटरी घेऊन घळीत उतरतो.”

डोंगरकोंबडी म्हणजे बेडूक, चांगला पंज्याएवढा. पूर्वी इथे डॉमिनिका बेटावर सणासुदीला तळला जायचा. मग बेडकांत रोग आला आणि आसपासच्या सगळ्या घळी मुक्या झाल्या. लॉजच्या मागच्या घळीत एक उरला होता. सूर्य बुडाला की हाक मारायचा. उलट हाक द्यायला कुणी नव्हतं, तरी मारायचा.

ताटात होता जनरल, मावशीचा म्हातारा कोंबडा. पाहुण्यांच्या संडासाची टाकी जिथे पाझरते, तिथले किडे खाऊन माजलेला. त्याच्या पंखांची हाडं साहेब बेडकाच्या तंगड्या समजून चोखत होते.

“अहाहा! ही खरी जंगलाची चव!”

“सगळं तुमचंच, साहेब,” ऑक्टाव्ह अदबीनं म्हणाला. मावशीनं त्याला मागून चिमटा काढला.

“अजून आहेत खाली?”

“नाही,” मावशी म्हणाली. “हा शेवटचा होता.”

साहेबांचे डोळे चमकले. “म्हणजे शेवटचा मी खाल्ला?”

त्यांनी बोटं चाटली, हाडं ताटात नीट मांडली आणि फोटो काढला. मावशी मोरीत जाऊन थुंकून आली.

ऊन डोंगराआड जायला लागलं. ऑक्टाव्हची चुळबुळ सुरू झाली. “साहेब, आत बसा आता. डास येतील.”

“येऊ देत की. त्यांनाही जगायचा हक्क आहे.” साहेब व्हरांड्यातच दात कोरत बसले.

सूर्य बुडाला.

“बुप!” घळीतून आवाज आला.

साहेब ताडकन उठले. “हे काय होतं?”

ऑक्टाव्ह तोवर कठड्याला टेकून, तोंडाशी हात धरून उभा होता. “बुप! मीच, साहेब. असे ओरडायचे बिचारे. आठवण आली.”

“बेट्या, फसवलंस मला! सरक, मला करू दे.”

साहेबांनी तेलकट हातांचा कर्णा केला आणि घळीकडे तोंड करून ओरडले, “बुप!”

ऑक्टाव्हचं हसू गेलं. मावशीनं पदरासारखा एप्रन तोंडाशी धरला.

खालून उत्तर आलं. लगेच, आणि आधीपेक्षा मोठ्यानं.

“वा!” साहेब खूश झाले. “प्रतिध्वनी काय सुंदर येतो हो तुमच्याकडे!”

“हो साहेब,” ऑक्टाव्ह म्हणाला. “जपून ठेवलाय.”