देवाला संवाद नाही

"देव बोलला, की नाटक बंद," लेखककाकांनी ठणकावलं. "त्याच पावली पुस्तक परत घेईन."

दिग्दर्शिकेने कपाळाला हात लावला. थिएटर ठरलं होतं, तिकिटं खपली होती आणि घोडं अडलं होतं कादंबरिकेच्या शेवटच्या पानावर. तिथे शंकेने पोखरलेला पुजारी देवापुढे काठी दोनदा आपटतो, उत्तराची वाट पाहतो. उत्तर येत नाही.

"काका, लोक हिरमुसले होऊन घरी जातील हो. एकच आवाज, एकच वाक्य..."

"तीस वर्षं मी वाट बघितली. मला नाही मिळालं ते तुझ्या प्रेक्षकांना तिकिटावर मिळणार होय?"

तेवढ्यात आतल्या खोलीत ठकठक झाली. नजर गेल्यापासून काकूंची काठी हीच त्यांची हाक. काकांनी वाक्य अर्ध्यावर टाकून तिकडे काहीतरी ओरडून सांगितलं आणि पुन्हा बाह्या सरसावल्या.

अखेर दिग्दर्शिकेने माघार घेतली. देव गप्पच राहणार होता.

पहिल्या प्रयोगाला काका-काकू पहिल्याच रांगेत. शेवटचा प्रवेश आला. दिवे मंदावले. पुजाऱ्याने काठी दोनदा आपटली. दिग्दर्शिका विंगेत नखं खात उभी. कुणीतरी खोकलं. संपलं सगळं, आता लोक उठणार...

"आहे! इथंच आहे. जातोय कुठं?"

काळोखातून आवाज आला, थकलेला, घोगरा आणि ओळखीचा वाटावा असा. पुजारी झालेला नट खरोखरच गुडघ्यांवर कोसळून रडू लागला. मग खुर्च्या खडखडल्या आणि सगळं थिएटर उभं राहिलं. टाळ्या अशा, की छपरावरची कबुतरं उडाली ती आठवडाभर परतली नाहीत म्हणे.

दिग्दर्शिकेने मात्र ध्वनीवाल्याला गाठलं. त्याने कानाची पाळी धरली, "आईशप्पथ ताई, माझा माईक बंद होता!"

ती धावत पहिल्या रांगेशी गेली. "काका, पाया पडते, ही माझी करणी नाही. पुस्तक परत घेऊ नका."

काकांचा चेहरा लालबुंद. काकू मात्र खुदुखुदु हसत होत्या. पायाशी आडवी पडलेली आपली काठी चाचपत त्या नवऱ्याच्या कानाशी झुकल्या.

"सवयीने ओ दिलीत खरी. पण अहो, ही वाजली नव्हती!"