सत्तेचाळीस अंश

मे महिन्यात वर्ध्याच्या प्रयोगशाळेतला फ्रीज आठ दिवस बंद राहिला, आणि स्वीटीने बोरच्या जंगलातून जमवलेले जिवाणू सत्तेचाळीस अंशांत उकडून निघाले. “मेले ते. फेकून दे. तुला झेपेल असा विषय घे,” तिच्या संशोधनाचे मार्गदर्शक सर म्हणाले. मदतनीस रामबाई जिवाणूंच्या नळ्या उचलू लागली, तशी स्वीटी आडवी आली. “सर, ऊन झोंबलं की ते रोजची जनुकं झाकतात, संकटात तगवणारी उघडतात. माझा विषयच तो. एक दिवस द्या.” “काऊन भांडून राह्यली, माय?” रामबाई कुजबुजली. “तेबी भांडूनच तगले असतीन, मावशी.” नळीतला थेंब तिने जिवाणूंचं खाद्य भरलेल्या नव्या प्लेटवर पसरला. दुसऱ्या दिवशी तिथे तीळ सांडावेत तसे पांढुरके ठिपके उगवले. “बाहेरची घाण पडली असेल,” सर म्हणाले. तिने सोबतच ठेवलेली, थेंब न टाकलेली प्लेट पुढे सरकवली. ती लख्ख कोरी होती.